मे महिन्यात दावणीला काय? हिंगण्याच्या अकरा जनावरांच्या चाऱ्याचा हिशेब

नमस्कार भाऊ. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपूर जिल्ह्याच्या हिंगणा तालुक्यात पाच एकर. त्यातली दोन एकर काळी आणि ओलिताची, दीड एकरात सोयाबीन-तूर, दीड एकर बरड पडीत. दावणीला सहा संकरित गाई, दोन म्हशी आणि तीन कालवडी-वासरं. फेब्रुवारीपर्यंत विहिरीला पाणी भरपूर, एप्रिल-मेमध्ये मोटर दिवसाला जेमतेम दीड तास चालते. ढेप आणि पशुखाद्याचा खर्च आवरत नाही. म्हणून तुम्ही विचारता, नेपियर या उंच चारा-गवताची कोणती जात दोन्ही एकरांत लावू, आणि बरडावर कोणतं गवत फेकू?

जात सांगतो, पण ती शेवटी. तुमची खरी अडचण जातीची नाहीच. जुलै ते ऑक्टोबर तुमच्याकडे चारा उतू जातो आणि १५ मार्च ते २५ जून या शंभर दिवसांत तो संपतो, ही अडचण आहे. दुसरी गोष्ट, हिरवं भरपूर घालूनही प्रथिनं कमी पडतात आणि ती तूट तुम्ही ढेपेने भरता. नेपियर कितीही चांगला असला तरी यातली दुसरी तूट तो भरून काढत नाही, आणि पहिली भरायला त्याला जे पाणी लागतं ते मेमध्ये तुमच्या विहिरीत नाही. तेव्हा नियोजन मेपासून मागे मोजत करायचं.

आधी भूक मोजू. सव्वाचारशे किलोच्या दुभत्या जनावराला वजनाच्या अडीच ते तीन टक्के कोरडा पदार्थ लागतो, म्हणजे साधारण ११ किलो. कोरडा पदार्थ म्हणजे चाऱ्यातलं पाणी वजा करून जे उरतं ते. आठ मोठ्या जनावरांचे ८८ आणि तीन लहानांचे १२, असे रोजचे १०० किलो धरा. दूध किती त्यावर हे थोडं खालीवर होईल. यातले २०-२५ किलो खुराकातून जातात. उरलेल्या ७५ मध्ये ४० किलो कुटार (मळणीनंतरचा भुसा), तणस (धानाचा पेंढा), कडबा यातून आणि ३५ किलो हिरव्यातून. पंचेचाळीस-पन्नास दिवसांच्या नेपियरमध्ये कोरडा पदार्थ १८ टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे ३५ किलोसाठी रोज सुमारे २०० किलो हिरवं कापावं लागतं. शंभर उन्हाळी दिवसांचे २० टन.

आता पाणी. २०० लिटरचा ड्रम मोटरच्या पाइपाखाली ठेवा आणि किती सेकंदांत भरतो ते मोबाइलवर मोजा. समजा ४० सेकंदांत भरला, तर सेकंदाला ५ लिटर, तासाला १८ हजार, दीड तासात २७ हजार लिटर. नागपूरच्या मेमध्ये वाढत्या नेपियरला दिवसाला किमान ८ मिलिमीटर पाणी लागतं. लू सुटली की याहून जास्त. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर, म्हणजे रोज ३२ हजार लिटर, आणि तेही थेंब वाया न जाता. ठिबकवर तुमची विहीर फार तर पाऊण एकर जगवेल, पाटपाण्याने अर्धा. त्यातूनच जनावरांचं पिणं: उन्हाळ्यात मोठ्या जनावराला ७०-८० लिटर. गोठा धुणं, गाईंवर पाणी मारणं वेगळंच. म्हणून नेपियर अर्धा एकर, ठिबकवर, त्याहून एक गुंठाही जास्त नको. ड्रम तीस सेकंदांत भरला किंवा मिनिटभर लागला, तर हा आकडा त्या प्रमाणात बदला. विहीर मेमध्ये पार कोरडीच पडत असेल, तर नेपियर पाव एकरावर आणा आणि पुढे सांगतोय तो मुरघास, म्हणजे कुट्टी करून हवाबंद आंबवलेला हिरवा चारा, वाढवा.

दोन्ही एकर नेपियर लावला तर काय होतं, ते हिंगणा-कळमेश्वर पट्ट्यात दर उन्हाळ्यात दिसतं. मार्चमध्ये पानांची टोकं करपतात, एप्रिलमध्ये कांड्या आखडतात, आणि मेमध्ये मालक सगळ्याच वावराला थोडंथोडं पाणी देतो. कुठलाच तुकडा नीट वाढत नाही. ताणात वाढलेल्या अशा बुटक्या नेपियरवर युरिया टाकून पहिल्या पावसानंतर लगेच कापला, तर नायट्रेटच्या विषबाधेची भीती वेगळी.

अर्धा एकर ठिबकवरचा नेपियर शंभर दिवसांत दोन कापण्या देतो, मिळून सहा टनांच्या आसपास. म्हणजे रोज ६० किलो, कोरड्या हिशेबाने ११ किलो. ३५ मधले उरलेले २४-२५ किलो मुरघासातून आणायचे. मक्याच्या चांगल्या मुरघासात कोरडा पदार्थ ३० टक्के असतो, तेव्हा रोज ८३ किलो, शंभर दिवसांना सव्वाआठ टन. नासधूस धरून १० टन भरा. एका एकरातला चांगला मका तेवढं सहज देतो.

मुरघासाबद्दल जरा थांबून सांगतो, कारण नागपुरात तो दोन ठिकाणी बिघडतो.

पहिली चूक पेरणीच्या तारखेची. मृगात पेरलेला मका सप्टेंबरच्या मध्यात चिकावर येतो आणि तेव्हा आपल्याकडे पाऊस हटलेला नसतो. ओल्या चिंब मक्याची कुट्टी भरली की खालून काळं पाणी सुटतं आणि माल आंबट न होता सडतो. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पेरा, म्हणजे ८०-८५ दिवसांनी, सप्टेंबर संपताना कापणी येते. काळ्या जमिनीत सपाट पेरू नका. सरी-वरंब्यावर ६० बाय २० सेंटिमीटरवर टोका, नाही तर जुलैच्या झडीत पिवळा पडतो. हिरवा कापायच्या आफ्रिकन टॉलला एकरी ३० किलो बी लागतं, पण मुरघासाला कणसात दाणा भरायला हवा, म्हणून दाण्याच्या संकरित वाणाचं ८-१० किलो बी पुरतं. लष्करी अळीसाठी पंधराव्या दिवसापासून पोंगे उघडून बघा. फवारणी केलीच तर डब्यावर लिहिलेला थांबण्याचा काळ पाळल्याशिवाय कापू नका.

कापायचं कधी? दाणा नखाने दाबा. दूध उडालं तर लवकर आहे, नख शिरेना तर उशीर झाला. कणकेसारखा दबला की कापा. कुट्टी दीड ते अडीच सेंटिमीटर. मूठभर कुट्टी अर्धा मिनिट घट्ट दाबून मूठ उघडा. बोटांतून पाणी टपकलं तर एक दिवस सुकवा. गोळा हळूहळू सुटला तर बरोबर. लगेच भुरभुरला तर कोरडा झालाय. मग बारीक कुट्टी आणि जास्त दाबणं एवढाच इलाज. मक्यात साखर पुरेशी असते, गूळ-मीठ काही लागत नाही. जादा नेपियरचा मुरघास करायचा असेल तर मात्र एक दिवस सुकवून टनाला १०-२० किलो गूळ किंवा मळी लागते, कारण त्यात साखर कमी.

दुसरी चूक खड्ड्याच्या मापाची. पुस्तकात बघून लोक दोन मीटर रुंद, दीड मीटर उंच खड्डा करतात. उघडलेल्या तोंडाचं क्षेत्र होतं तीन चौरस मीटर. तुम्हाला रोज हवे ८३ किलो, म्हणजे त्या तोंडावरून रोज फक्त पाच सेंटिमीटर निघणार. ४४-४५ अंशांत हवा आत त्याहून खोल शिरते, आणि तुम्ही रोज गरम झालेला, बुरशी चढू लागलेला थर काढत राहता. उन्हाळ्यात रोज निदान १५ सेंटिमीटर थर निघायला हवा. म्हणून तुमच्या मापाला एक मीटर रुंद, एक मीटर उंच आणि लांबलचक सायलो, नाही तर सरळ पाचशे किलोच्या पिशव्या. वीस पिशव्या भरतील, एक सहा दिवस पुरेल. काळ्या मातीत खड्डा खोदूच नका. ती फुगते, भिंत ढासळते, पावसाचं पाणी झिरपतं. पिशव्या सावलीत, जमिनीपासून उंच, आणि महत्त्वाचं म्हणजे उंदरांपासून दूर. एका भोकाने हातभर घेरातला माल जातो. भोक दिसलं की त्याच दिवशी चिकटपट्टी लावा. पंचेचाळीस दिवसांनी उघडा: आंबिलीसारखा वास आणि पिवळसर हिरवा रंग म्हणजे जमलं. कुजकट, हाताला चिकटून राहणारा वास म्हणजे पाणी जास्त होतं. भाजलेल्या तंबाखूसारखा वास म्हणजे दाबण कमी पडली. बुरशीचा भाग थेट उकिरड्यावर टाका, “थोडा चालतो” म्हणून गाभण गाईला घालू नका.

मका निघाल्यावर तेच एक एकर रब्बीत कामाला येतं, आणि ढेपेचा खर्च कमी होतो तो इथे. अर्ध्या एकरात ओट, अर्ध्यात बरसीम हा हिवाळी द्विदल चारा.

ओट ऑक्टोबरअखेर ते मध्य नोव्हेंबर. अर्ध्या एकराला २० किलो बी. केंट किंवा फुले हरिता, दोन्ही चालतात. पहिली कापणी ५०-५५ दिवसांनी, जमिनीपासून आठ-दहा सेंटिमीटर ठेवून. त्याहून खाली कापला की फुटवा मरतो. दुसरी निम्मं पीक फुलल्यावर.

बरसीमचं बी अर्ध्या एकराला सहा किलो. पेरणीआधी ते दहा टक्के मिठाच्या पाण्यात टाका, वर तरंगणारं कासनीचं तण-बी काढून फेका, उरलेलं गोड्या पाण्याने धुऊन रायझोबियम (मुळांवर गाठी करून नत्र देणारे जिवाणू) चोळा. पहिल्यांदाच बरसीम घेताय, तेव्हा रायझोबियम वगळू नका. काळ्या जमिनीत त्याचे जिवाणू असतातच असं नाही, आणि मग रोप पिवळं राहून खुरटतं. पहिली कापणी ५० दिवसांनी, नंतर दर २५-३० दिवसांनी. मार्चच्या मध्यात उष्णता वाढली की ते आपोआप संपतं, आणि नेमकं तेव्हाच विहिरीचं पाणीही नेपियरकडे वळवायचं असतं, म्हणून ही जोडी आपल्याकडे जमते. हिवाळ्यात याउलट: डिसेंबर-जानेवारीत नागपूरचा पारा दहाच्या आसपास उतरला की नेपियर जवळजवळ थांबतो. त्याला तेव्हा खत-पाणी देऊन काही हाती लागत नाही.

हिशेब बघा. दहा किलो बरसीममध्ये दीड किलो कोरडा पदार्थ, त्यात १७ टक्के प्रथिनं, म्हणजे सुमारे अडीचशे ग्रॅम. २० टक्के प्रथिनांच्या सव्वा किलो पशुखाद्यातून मिळतात तेवढीच. दहा किलो कोवळ्या नेपियरमध्ये दीडशेच्या आत. ऐंशी दिवसांचा, बोटभर जाड कांडीचा नेपियर असेल तर शंभराच्या आसपास, आणि त्यातलंही निम्मं गव्हाणीत उरतं. बरसीम सुरू झालं की प्रत्येक दुभत्या गाईमागे एक-सव्वा किलो खुराक हळूहळू कमी करा, आठवडाभरात, दुधावर लक्ष ठेवून. एक सावधानता: सकाळी रिकाम्या पोटी ओलं बरसीम घातलं की पोट फुगतं. आधी कुटार, मग दोन-तीन तास सुकवलेलं बरसीम, सुरुवातीला पाच किलोपासून.

लसूणघास का नको, असं विचाराल. हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत आरएल-८८ ही त्याची जात तीन वर्षं टिकते. तुमच्या काळ्या मातीत पहिल्याच पावसाळ्यात पाणी साचून मुळं कुजतील. गादीवाफे करायची तयारी असेल तर चार-पाच गुंठ्यांवर करून बघा, एवढंच.

ओलितातला उरलेला अर्धा एकर खरिपात ज्वारी-चवळी. दोन ओळी ज्वारी, एक ओळ चवळी. बहुकापणीची ज्वारी असो की एकाच कापणीची, फुलोऱ्याआधी हिरवी घालायची नाही. कोवळ्या ज्वारीत आणि पावसाने ओढ दिल्यावर खुंटलेल्या ज्वारीत सायनाइडचं विष तयार होतं. जनावर अर्ध्या तासात तडफडून पडतं. कापणीनंतर फुटलेल्या खोडव्याचंही तेच. धुऱ्यापलीकडे शेजाऱ्याच्या वावरात खोडवा असेल तर वासरांना दाव्यानेच न्या.

आता सुका चारा, रोजचा ४० किलो. ज्वारीचं क्षेत्र घटल्यावर कडबा महाग झाला, तेव्हा आपल्याकडे राहतात सोयाबीन-तुरीचं कुटार आणि मौदा-रामटेककडची धानाची तणस. कुटार मळणीच्या दिवसांतच भरून घ्या; अनेकांना ते नकोच असतं. पावसात भिजलेलं, काळपट, मुठीत धूळ सोडणारं कुटार फुकट मिळालं तरी आणू नका. सोयाबीनचं कुटार खरखरीत असतं, मोठ्या जनावराला तीन-चार किलोवर नको.

तणशीत प्रथिनं तीन-चार टक्केच. ती युरियाने सुधारता येते: १०० किलो तणस, ४ किलो युरिया, ४० ते ५० लिटर पाणी. युरिया पाण्यात पूर्ण विरघळवून थरावर थर शिंपडा, दाबा, ताडपत्रीने हवाबंद करा, २१ दिवसांनी उघडा. घालण्याआधी तासभर पसरून वास जाऊ द्या. सहा महिन्यांखालच्या वासरांना अजिबात नाही, आणि युरियाचं पाणी जनावराच्या तोंडी लागेल असं कुठेच ठेवायचं नाही. अंदाजाने “थोडा जास्त टाकू” करणाऱ्यांची जनावरं दगावतात, काट्यावर मोजा.

इथे एक गोष्ट फार कमी लोक जोडून बघतात. नेपियरमध्येही ऑक्झलेट, तणशीतही ऑक्झलेट. दोन्ही मिळून चाऱ्यातलं कॅल्शियम अडवतात. हिरवं नेपियर आणि कोरडी तणस एवढ्यावरच गोठा चालवला की व्यायल्यावर गाय बसते, दूध तुटतं, माजाचं वेळापत्रक बिघडतं आणि मालक म्हणतो, “चारा तर पोटभर आहे.” म्हणून नेपियर ४५ दिवसांआधी कापू नका, कोवळ्यात ऑक्झलेट जास्त असतं, सुक्यात तणस निम्मीच ठेवा, बाकी कुटार, आणि खनिज मिश्रण रोज प्रति जनावर ५० ग्रॅम, आंबोणात मोजून. मिठाची वीट त्याची जागा घेत नाही.

बरडाकडे येऊ. दीड एकरात संकरित गाई चारून दूध वाढेल ही आशा सोडा. त्या जागेचा उपयोग गवत कापून वाळवायला. नांगरूही नका, नांगरलं की माती उघडी पडते आणि तरोटा, गाजरगवत दाटतं. तरोटा माजला असेल तर अतिचराईचं लक्षण समजा. ऑगस्टमध्ये, फुलण्याआधी, पावसाच्या वाफशावर मुळासकट उपटा. सलग दोन पावसाळे तरी केलंत तर फरक दिसतो.

मुख्य काम चराईबंदी. जून ते ऑक्टोबर काटेरी कुंपण किंवा चर, आणि गावच्या ढोरक्याशी आधीच बोलणं. हे बोलणं न करणाऱ्याचं कुंपण ऑगस्टमध्ये तुटतं. मधल्या उघड्या जागी मारवेल गवताचे ठोंब ४५ बाय ३० सेंटिमीटरवर लावा. पवन्या गवताचं बी हलकं आणि केसाळ असतं, वाऱ्याने उडतं. ओल्या मातीत कालवून टाका. सोबत स्टायलो हा द्विदल चारा, त्याची फुले क्रांती जात मिळाली तर उत्तम, एकरी दोन-तीन किलो. त्याचं बी टणक असतं. ऊन पाण्यात, उकळत्या नव्हे, चार-पाच मिनिटं बुडवून रात्रभर साध्या पाण्यात ठेवा. पहिल्या वर्षी स्टायलो बोटभरच दिसेल. नाराज होऊन नांगरू नका, दुसऱ्या वर्षी तो पसरतो.

कापणी निम्मं गवत फुलल्यावर, सप्टेंबरअखेर ते मध्य ऑक्टोबर. कुसळी गवत असेल तर कुसळं टणक होण्याआधीच, नाही तर ती जनावराच्या हिरड्यांत आणि जिभेत रुततात. दिवाळीनंतर “आता मोकळे आहोत” म्हणून कापलेलं गवत पिवळं धमक दिसतं, पण त्यात प्रथिनं दोन-तीन टक्के उरलेली असतात. दोन-तीन दिवस उलथापालथ करत वाळवा, कांडी मोडली की आवाज यायला हवा, मग गंजी. सध्या त्या बरडावर एकरी टनभरही सुकं गवत निघत नसेल. तिसऱ्या वर्षी दोन टनांपर्यंत जाता येतं, म्हणजे दीड एकरातून तीन टन: तुमच्या रोजच्या ४० किलोच्या हिशेबाने ७५ दिवसांचा सुका चारा. धुऱ्यांवर शेवरी आणि सुबाभूळ मीटर-मीटरवर. सुबाभूळ एकूण हिरव्याच्या पाव हिश्श्यावर नको, त्यातलं मिमोसिन हे विषारी द्रव्य केस गाळतं.

राहिली जात. फुले जयवंत किंवा बायफ या संस्थेची बीएनएच-१०, तुमच्या जवळ जी निरोगी मिळेल ती. डीएचएन-६ किंवा सीओ-५ आधीच शेजारी असेल तर तीही चालेल. या जातींतला फरक वेळेवर कापण्याने पडणाऱ्या फरकापुढे लहान आहे. झाशीची भारतीय चरागाह व चारा संशोधन संस्था १९६२ पासून आणि राहुरीचं कृषी विद्यापीठ चारा पिकांवर काम करतात, आणि निवडीत पानांचं प्रमाण आणि ऑक्झलेट दोन्ही बघितलं जातं. तुम्ही मात्र जाहिरातीत एकरी टनांचा आकडाच वाचता. एकरी दोनशे टन म्हणणाऱ्याला एवढंच विचारा, किती दिवसांच्या कापणीत आणि त्यात कोरडा पदार्थ किती? आणि कोणी संकरित नेपियरचं “बी” विकत असेल तर उठून या. बाजरी आणि नेपियरच्या संकरात गुणसूत्रं २१, तो वांझ असतो. लावायची ती डोळ्याची कांडीच.

लागवड ९० बाय ६० सेंटिमीटरवर, अर्ध्या एकराला दोन डोळ्यांच्या साडेतीन-पावणेचार हजार कांड्या. तीन-चार महिन्यांच्या खोडाचा मधला भाग घ्या. शेंडा कोवळा असतो आणि बुडख्याचे डोळे उशिरा फुटतात. तुमच्या काळ्या जमिनीत जुलै-ऑगस्टमध्ये लावल्या तर निम्मे डोळे कुजतील. फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात वरंब्याच्या बगलेला लावा. तुकडा गोठ्याला लागून निवडा, म्हणजे मूत्र-शेणाचं पाणी उताराने तिकडेच जाईल. पहिली कापणी ७०-७५ दिवसांनी, पुढे ४५ ते ५० दिवसांनी, १५ सेंटिमीटर बुडखा ठेवून. प्रत्येक कापणीनंतर अर्ध्या एकराला १०-१२ किलो युरिया, तोही पाणी द्यायचं असेल तरच.

पहिल्या उन्हाळ्यात नेपियर पुरा हाती लागणार नाही, म्हणून यंदाच्या मुरघासाच्या पिशव्या वीसऐवजी पंचवीस धरा. एक एकर मक्यात तेवढं निघतं. ड्रमचा आकडा आणि बरडाची माती किती खोल आहे, एवढं कळवा. मुरूम वीतभरावर लागत असेल तर मारवेलऐवजी पवन्यावर भर द्यावा लागेल.